उतरत्या उन्हातले हैदराबाद

हैदराबादहून परतलेल्या माणसास लोक ठरावीक प्रश्न विचारतात. चारमिनार पाहिला काय? मोती आणले काय? बिर्याणीची चव कशी होती? या प्रश्नांची उत्तरे आम्हांसही देता येतील. परंतु त्या शहरात चार दिवस हिंडत असता एक निराळाच विषय आमच्या मनात घर करून राहिला, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. तो विषय म्हणजे म्हातारपण.

आपल्या गावांत म्हातारपणाची थट्टा पुष्कळ होते. त्याविषयी मनमोकळे बोलणे मात्र फार थोडे होते. साठी उलटलेला मनुष्य गुडघ्यांच्या दुखण्याविषयी तासभर बोलेल, पण मनातील भीतीविषयी चकार शब्द काढणार नाही. रात्री उठताना भिंतीचा आधार लागू लागतो. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते. जपमाळ म्हणताना आपण कितव्या रहस्यावर आहोत याचा विसर पडतो, आणि शेजारी बसलेल्या नातवाच्या ते ध्यानात आले की काय म्हणून आपण चोरून पाहतो. उद्या अंथरुणास खिळलो तर कोण करील? जोडीदार आधी गेला तर घरात आपल्याशी बोलेल कोण? औषधपाण्याचा खर्च मुलांना जड तर होणार नाही ना? ही भये घरोघरी आहेत, आणि घरोघरी ती उशाखाली दडवून ठेवलेली आहेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील साठ वर्षांच्या व त्यावरील माणसांची संख्या दहा कोटी अडतीस लाखांच्या आसपास भरली होती. इतकी माणसे ज्या गोष्टीला भितात, ती लाजेने झाकून ठेवण्याजोगी खचितच नव्हे.

मुंबईहून हैदराबादकडे जाण्यास आगगाडीच्या दोन वाटा आहेत. एक पुणे-सोलापूरवरून जाते, दुसरी मनमाडवरून मराठवाड्यातून. आम्ही देवगिरी एक्सप्रेसने ही दुसरी वाट धरली. पहाटेच्या अंधारात दौलताबादचा डोंगरी किल्ला केव्हा मागे पडला ते कळलेही नाही. त्या किल्ल्याचा हैदराबादशी जो संबंध आहे तो पुढे येईलच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता, आणि जालना, परभणी, नांदेड येथील मराठी माणसाची राजधानी हैदराबादच होती. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी तो तिकडेच जाई. त्या शहरात १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था त्या दिवसांची साक्ष आहे.

आता या गाडीत निराळे मराठी प्रवासी भेटतात. मुलगा हैदराबादेत संगणकाच्या कंपनीत आहे म्हणून त्याच्याकडे निघालेले हे आईबाप असतात. आमच्या डब्यात अशी दोन-तीन वृद्ध जोडपी होती. पिशव्यांत कुरडया, पापड, लोणच्याच्या बरण्या, घरच्या तुपाचा डबा. ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात मिळणारी सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबविली, त्याचा हिशेब एक आजोबा आम्हांस तपशीलवार सांगत होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या आजीबाई हसत म्हणाल्या, "आता दिवाळीपर्यंत आमची पाळी हैदराबादची. मग धाकट्याकडे, पुण्याला."

आजीबाई हसत म्हणाल्या खऱ्या, पण 'पाळी' हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. पाळी पाटाच्या पाण्याची असते, गुरे राखण्याची असते. आईबापांचीही पाळी लागते, हे आता आपल्या गावांतही नवे राहिलेले नाही. त्यांची मुले वाईट होती असे कोणी समजू नये. एकाने तिकिटे काढून दिली होती, दुसरा दर तासाला फोन करून विचारपूस करीत होता. तथापि जी बाई चाळीस वर्षे एका घराची धनीण होती, ती आता दोन घरांची पाहुणी झाली होती. कोणत्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी कोठे असते हे तिला दर सहा महिन्यांनी नव्याने शिकावे लागत होते. म्हातारपणाचे भय पुष्कळदा असेच लहानशा वस्तूतून सुरू होते.

हैदराबादच्या पश्चिमेस गोवळकोंड्याचा किल्ला आहे. त्याच्या महाद्वाराच्या घुमटाखाली ठरावीक जागी उभे राहून टाळी वाजविली की तिचा आवाज डोंगरमाथ्यावरील बाला हिसारपर्यंत, म्हणजे सुमारे एक किलोमीटरवर, स्वच्छ ऐकू जातो. कोणी आल्याची वर्दी राजाला मिळावी म्हणून ही योजना होती, असे वाटाडे सांगतात. वर जाण्यास साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, आणि त्या सारख्या उंचीच्या नाहीत. तरुण मंडळी भराभर चढून जातात. म्हातारी मंडळी दोन-चार पायऱ्या चढून पाहतात, गुडघ्यावर हात ठेवतात, आणि "तुम्ही या जाऊन" असे म्हणून खाली सावलीत बसतात.

आम्हीही थोडा वेळ त्या सावलीत बसलो होतो. एक आजोबा उठले, घुमटाखाली गेले आणि त्यांनी दोन टाळ्या वाजविल्या. काही क्षणांत त्यांच्या खिशातील फोन वाजला. वरून नात सांगत होती, "आजोबा, ऐकू आली!" आजोबांनी पुन्हा टाळी वाजविली, पुन्हा फोन आला, आणि हा खेळ बराच वेळ चालला. त्यांचे पाय वर पोहोचणार नव्हते, पण त्यांची वर्दी वर पोहोचत होती, आणि वरचे माणूस ती ऐकण्यास कान देऊन उभे होते. तेवढ्याने त्या वृद्धाच्या मुखावर जे समाधान दिसले, ते किल्ला चढून आलेल्या तरुणांच्या मुखावर आम्हांस दिसले नाही.

किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर इब्राहिमबागेत कुतुबशाही राजांच्या कबरी आहेत. मोठमोठे घुमट, कोरीव गच्च्या, झाडांची सावली. आगाखान सांस्कृतिक न्यासाने २०१३ पासून अनेक वर्षे खपून या वास्तूंची डागडुजी केली आहे. दफनापूर्वी राजांच्या देहास जेथे स्नान घालीत, ते हमामही तेथे पाहावयास मिळते. या घराण्याचा मूळ पुरुष सुलतान कुली याने आपली कबर जिवंतपणीच बांधवून घेतली होती. राजाला मरणाची तयारी अशी आगाऊ करून ठेवता आली. म्हातारपणाची तयारी मात्र त्यालाही करता आली नाही, हे त्याच्या चरित्रावरून दिसते.

सुलतान कुली पुष्कळ वर्षे जगला. त्याने राज्य उभे केले, वाढविले, आणि केस पांढरे झाले तरी ते आपल्याच हाती ठेवले. त्याचा मुलगा जमशीद याला वाट पाहणे असह्य झाले. सन १५४३ मध्ये गोवळकोंड्यात नमाज पढत असलेल्या त्या वृद्ध राजाचा वध झाला, आणि त्यामागे जमशीदचाच हात होता. थोरल्या भावाचे डोळे काढण्यात आले. धाकटा इब्राहिम जीव घेऊन विजयनगरास पळाला. जमशीदने सात वर्षे राज्य केले आणि १५५० साली तो रोगाने मरण पावला. पित्याच्या कबरीवर लेख कोरलेला आहे, आणि लोक त्याला प्रेमाने 'बडे मालिक' म्हणत असे त्यात नमूद आहे. मुलाची अष्टकोनी कबरही जवळच उभी आहे, पण तिच्यावर लेख नाही.

वाचकहो, ही राजेरजवाड्यांची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गावात तलवारी नसतील, पण सात-बाराचा उतारा आहे. बाप अजून जमिनीचा कागद सोडत नाही म्हणून मुलगा कुरकुरतो, आणि कागद सोडला तर उद्या ताटात काय पडेल या भीतीने बाप तो उशाशी घेऊन निजतो. या एका कागदापायी बापलेक एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नाहीत, अशी घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. यात दोघांचीही भीती खरी आहे. मुलाला वाटते, आपले आयुष्य वाट पाहण्यातच जाईल. बापाला वाटते, हात मोकळे झाले की आपली किंमत सरली.

अशा घरांनी एक गोष्ट ठाऊक करून घ्यावी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यांसाठी २००७ साली आपल्या देशात कायदा झाला आहे. ज्यांची मुले त्यांना सांभाळीत नाहीत अशा आईबापांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून पोटगी मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर घर अथवा जमीन मुलाच्या नावे केली आणि पुढे त्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरविण्याची तरतूदही याच कायद्याच्या तेविसाव्या कलमात आहे. म्हणून बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहावी. काही जण म्हणतील, पोटच्या मुलाशी असा लेखी व्यवहार शोभतो काय? आमचे मत असे की, जेथे प्रेम आहे तेथे एका ओळीने ते उणे होत नाही, आणि बापाच्या मनातील धास्ती त्या ओळीने बरीच कमी होते. धास्ती कमी झाली की त्याचा स्वभावही निवळतो.

याच बागेत हयात बक्षी बेगमेची कबर आहे. ज्या मुहम्मद कुलीने १५९१ साली चारमिनार उभारला त्याची ही कन्या, त्याच्या मागून गादीवर आलेल्या सुलतान मुहम्मदाची राणी, आणि पुढच्या अब्दुल्लाची आई. १६५६ साली औरंगजेबाने गोवळकोंड्यास वेढा दिला तेव्हा तिची साठी उलटली होती. राजा किल्ल्यात अडकून पडला. त्याची वृद्ध आई मात्र शत्रूच्या छावणीत गेली, औरंगजेबाशी बोलली, आणि तिच्या रदबदलीने तह घडून आला. राज्य आणखी एकतीस वर्षे टिकले. घरातील म्हातारे माणूस म्हणजे एक खाणारे तोंड, असा हिशेब करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तलवार चालविण्याचे वय तिला कधीच नव्हते. बोलण्याचे वय मात्र आले होते. भावाभावांतील भांडण, सासू-सुनेतील रुसवा, शेजाऱ्याशी बांधावरून पडलेली गाठ, ही कामे आजही तरुणाच्या हातून सुटत नाहीत. तेथे पांढऱ्या केसांची गरज लागते.

या बागेत एक राजा नाही. शेवटचा अबुल हसन, ज्याला लोक तानाशहा म्हणत. १६८७ साली आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर फितुरीने किल्ल्याचा दरवाजा उघडला गेला. मोगल सरदार महालात शिरले तेव्हा तानाशहा शांतपणे त्यांस भेटला, जेवणाची वेळ झाली म्हणून त्याने ताट मागविले, आणि सरदारांनाही जेवणाचा आग्रह केला, अशी हकीकत इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. पुढे बारा-तेरा वर्षे तो दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत राहिला आणि तेथेच वारला. देवगिरी एक्सप्रेस पहाटे ज्या किल्ल्याजवळून गेली तोच हा किल्ला. त्याची कबर तेथून जवळच खुलताबादेस आहे.

त्याच खुलताबादेस औरंगजेबाचीही कबर आहे. त्याला अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले, आणि १७०७ साली तो अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मरण पावला. सारा हिंदुस्थान जिंकण्याच्या हव्यासात त्याने शेवटपर्यंत छावणी सोडली नाही. मुलांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि मुलांनाही त्याचे भय वाटे. शेवटच्या दिवसांत त्याने मुलांना लिहिलेल्या पत्रांत एकाकीपणा, पश्चात्ताप आणि पुढे काय होणार याची धास्ती दिसते. ज्याच्याजवळ सर्व काही होते तो भीत मेला, आणि ज्याचे सर्व काही गेले त्याने भरल्या ताटावर बसून आपले दुर्दैव स्वीकारले. मुठीतील वस्तू वेळेवर सोडता येणे ही म्हातारपणाची मोठी विद्या आहे. ती सत्तराव्या वर्षी एकाएकी येत नाही; चाळिशीपासून थोडी थोडी शिकावी लागते. दुकानाची किल्ली एक दिवस मुलाकडे द्यावी, चुलीचा ताबा एक सण सुनेकडे द्यावा, आणि त्यांच्या हातून चूक झाली तरी गप्प बसण्याचा अभ्यास करावा.

जुन्या हैदराबादपासून आजच्या हैदराबादकडे वळले की चित्र पालटते. उस्मानसागर तलावाजवळ चिलकूर येथे बालाजीचे एक मंदिर आहे. त्यास लोक कौतुकाने 'व्हिसा बालाजी' म्हणतात. परदेशी जाण्याचा परवाना मिळावा म्हणून तरुण-तरुणी तेथे अकरा प्रदक्षिणा घालतात, आणि इच्छा पूर्ण झाली की येऊन एकशे आठ घालतात. या मंदिरात पैशाची हुंडी नाही. मुलांबरोबर त्यांचे आईबापही तेथे येतात आणि मुलाला अमेरिकेस जाण्याची संधी मिळो म्हणून हात जोडतात. हेच आईबाप दोन वर्षांनी तीन खोल्यांच्या घरात दोघेच राहतात, आणि रात्री अकरा वाजता, तिकडे सकाळ झाल्यावर, फोनच्या काचेवर नातवाचे तोंड पाहतात. त्यांनी देवाकडे जे मागितले तेच देवाने दिले. यात कोणाचा अपराध नाही. आपल्याही गावांतून मुले आखातात, इस्रायलात, कॅनडात गेली आहेत. त्यांच्या पैशाने घरावर स्लॅब पडला, आणि त्या स्लॅबखाली संध्याकाळी एकच दिवा लागतो. मुलाची उन्नती व्हावी आणि मुलगा जवळही असावा, या दोन इच्छा प्रत्येक आईच्या पोटात एकत्र नांदतात. त्यांतील एक पुरी झाली की दुसरी दुखते.

या एकटेपणावर हैदराबादेत एक निराळा प्रयत्न झाला आहे. एन. एम. राजेश्वरी या बाईंनी २०१० साली तेथे 'तोडु नीडा' नावाची संस्था काढली. तेलुगू भाषेत तोडु म्हणजे सोबत आणि नीडा म्हणजे सावली. जोडीदार गमावलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांची एकमेकांशी ओळख करून देणे, आणि दोघांची इच्छा असल्यास त्यांना उर्वरित आयुष्य एकमेकांच्या सोबतीने घालविता यावे म्हणून साहाय्य करणे, हे या संस्थेचे काम. आपल्याकडे साठ वर्षांच्या विधुराने पुन्हा लग्न केले तर लोक तोंडाला पदर लावून हसतात, आणि विधवेने केले तर हसतही नाहीत, बोलणेच टाकतात. वस्तुतः विवाहाचे बंधन मरणाने सुटते ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे, आणि विधवा-विधुरांना पुन्हा विवाह करण्यास ती मोकळीक देते. प्रत्येकाने तसे करावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु म्हाताऱ्या माणसाला दोन वेळच्या जेवणाखेरीज बोलण्यास कोणी हवे असते, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये, एवढेच आमचे सांगणे.

चारमिनारच्या हैदराबादचे जुळे शहर म्हणजे सिकंदराबाद. तेथे लिट्ल सिस्टर्स ऑफ द पूअर या धर्मभगिनींचा वृद्धाश्रम आहे. मुंबईच्या वाचकांना अंधेरीच्या महाकाली रस्त्यावरील त्यांचा आश्रम ठाऊक असेल. निराधार वृद्धांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, या भगिनी आपल्या घरी घेतात, आणि लोकांकडून मागून आणलेल्या दानावर त्यांचा सांभाळ करतात. १८८२ साली त्या प्रथम कलकत्त्यास आल्या, आणि तेथून त्यांचे कार्य आपल्या देशात पसरले. सिकंदराबादेच्या त्या घराचा विचार करताना आम्हांस त्यांच्या संस्थापिकेची हकीकत आठवली, आणि ती आमच्या आजच्या विषयाशी अगदी निगडित आहे.

झान जुगाँ ही फ्रान्सच्या समुद्रकाठच्या एका गावी १७९२ साली जन्मलेली गरीब मुलगी. तिचा बाप खलाशी होता, आणि तिने पुष्कळ वर्षे लोकांच्या घरी चाकरी केली. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या, लुळ्या पडलेल्या वृद्धेला आपल्या घरी आणले, आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. तेथून हे कार्य वाढत गेले. तिच्या घरातील वृद्धा बसून राहत नसत. ज्यांना जमे त्या सूत कातीत. दया घेणाऱ्यालाही काहीतरी देता आले पाहिजे, हे त्या अशिक्षित बाईला उमगले होते. परंतु पुढे काय झाले? १८४३ साली तिची प्रमुख म्हणून फेरनिवड झाली असता एका धर्मगुरूने ती रद्द केली आणि तिला बाजूस सारले. १८५२ पासून तिला निवृत्तीत ठेवण्यात आले. तेव्हा ती साठीला टेकली होती. त्यानंतर सत्तावीस वर्षे ती नव्या भगिनींमध्ये एक म्हातारी भगिनी म्हणून राहिली. हीच आपली संस्थापिका, हे त्यांतील पुष्कळींना ठाऊकही नव्हते. १८७९ साली ती मरण पावली. खरी हकीकत मागाहून उजेडात आली, आणि २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद दिले.

सुलतान कुलीही बाजूस सारला गेला, आणि झान जुगाँही. एकाला तलवारीने सारले, दुसरीला कागदाने. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते येथे स्पष्ट होते. म्हातारपणाची भीती म्हणून आपण जिला ओळखतो, तिच्यात मरणाचा वाटा फार थोडा असतो. मरणासाठी आपल्या लोकांची तयारी पुष्कळ असते. आजीबाई कफनाचे कापड आणि मिसाचे पैसे पेटीत बाजूला काढून ठेवतात व ते हसतमुखाने दाखवितातही. ज्याने झोप उडते ते भय निराळे असते: आपल्यावाचून आता कोणाचे काही अडत नाही. झान जुगाँने त्या भयाला असे उत्तर दिले की, मान गेला तरी तिने प्रेम करणे थांबविले नाही. जेथे बसविले तेथे ती बसली, आणि जे जवळ आले त्यांना तिने धीर दिला. हे सोपे नाही. आपल्यापैकी फार थोड्यांना ते पूर्णपणे साधेल. प्रभूनेही पेत्राला सांगितले होते की, म्हातारपणी दुसराच कोणी त्याची कंबर बांधील व त्याला नको तेथे नेईल. दुसऱ्याच्या हातून कंबर बांधून घेणे हाही एक क्रूसच आहे, आणि तो बहुधा प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

परंतु वृद्धाने सोसावे एवढे सांगून लेख संपविला तर तो अर्धाच राहील. घरानेही काही करावयाचे आहे. तेलंगणात २०१४ साली वृद्धांसाठी 'आसरा' नावाची पेन्शन योजना सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रातही पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, आणि तिचा अर्ज तहसील कचेरीत करता येतो. गावातील शिकलेल्या मुलांनी शेजारच्या आजी-आजोबांचे हे अर्ज भरून द्यावेत. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला. त्या दिवशी देवळात त्यांचा फुले देऊन सत्कार होतो, हे योग्यच आहे. तथापि सत्कारापेक्षा विचारणा मोठी. भात केव्हा लावावा, पाहुण्यांस काय द्यावे, बाळाचे नाव काय ठेवावे, हे म्हाताऱ्यांना विचारावे. त्यांचे उत्तर आपण मानलेच पाहिजे असे नाही. पण ते मागितले पाहिजे. शेंगा सोलणे, देवापुढील दिवा लावणे, नातवाला जपमाळ शिकविणे, असे एखादे काम त्यांच्याकडे असे ठेवावे की, त्यांनी केले नाही तर ते खोळंबेल. आणि 'पाळी' हा शब्द आपल्या घरातून काढून टाकावा.

परतीच्या दिवशी आम्ही अफझलगंजला गेलो. तेथे मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. घरे वाहून गेली, हजारो माणसे मेली. त्या वेळी सुमारे दीडशे माणसे या झाडावर चढून बसली आणि वाचली. झाड तेव्हाच म्हातारे होते. आज त्याचे खोड वाकलेले आहे, फांद्यांना पूर्वीचा जोम नाही. त्याच्या सावलीत रुग्णांचे नातेवाईक बसतात, डबा सोडून जेवतात, आणि पुष्कळांना त्या झाडाची गोष्ट ठाऊकही नसते. झाड कोणाला ती सांगत नाही. आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांना मात्र सांगता येते, आणि सांगण्याची त्यांना इच्छाही असते. आज संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसावे. त्यांना कशाची भीती वाटते, हे एकदा सरळ विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत उठू नये.